खालची बाजू

५ जानेवारी

अरे खांबा,

फोनवर तू 'बरं आहे' म्हणतोस आणि ठेवून देतोस. तेवीस वर्षं तुझ्याबरोबर एकाच गाडीवर लोकांचं सामान वाहिलं, तुझं 'बरं आहे' म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. शेवटी वहिनीने तुझ्या ताईला सांगितलं की तू नऊ दिवस आडवा आहेस आणि पायमोजेसुद्धा तिलाच घालावे लागतात. मग काय, तुझ्या ताईने मला फैलावर घेतलं. "जगाला पाठ कशी सांभाळायची ते शिकवता आणि माझ्या भावाची पाठ गेलेली तुम्हाला माहीत नाही!" म्हणून हे पत्र. पत्र तरी तुला मध्येच ठेवून देता येणार नाही.

सोबत एक कागद आहे. हाच मी वर्गात वाटतो. उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, दहा मोजायचे, श्वास रोखायचा नाही. तू श्वास रोखतोस हे मला माहीत आहे, दात-ओठ खाऊन काम करायची तुझी खोड जुनी आहे. दर पाऊण तासाने कूस बदल. आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नकोस, नाहीतर तुझी ताई मला घरात घेणार नाही.

माझं इथे बरं चाललंय. पंचेचाळिशीच्या पुढचे लोक कंपनी सगळ्या शाखांतून माझ्याकडे पाठवते. पहिल्या दिवशी सगळ्यांचा चेहरा एकच, 'आम्हाला ओझं उचलायला हा शिकवणार?' मग मी एक कपाट घेतो आणि दोघांना जिन्यावर उभं करतो. वरचा नुसती दिशा देतो, वजन सगळं खालच्याच्या अंगावर येतं, हे त्यांना माहीतच असतं. पण मी सांगतो की म्हणूनच पाळी लावायची, अर्ध्या दिवसाने बाजू बदलायची. आणि बदलायची ती वरच्याने, आपणहून. खालच्यावर मागायची वेळ आणायची नाही. हा आपल्या लोकांचा जुना रिवाज कंपनीच्या पुस्तकात नव्हता, मी भांडून घालायला लावला.

काल एकजण जिन्याच्या तळाशी ओझ्याचा खांदापट्टा आवळत इतका वेळ उभा राहिला की मला तूच आठवलास. आठवतं ना? तू खाली पट्टा आवळत बसायचास आणि मी वरून ओरडायचो, "आटप की! मुहूर्त काढतोयस का?" सगळी गाडी हसायची.

लवकर उभा राहा. खांब आडवा पडलेला बरा दिसत नाही.

तुझा,
दाजी

ता. क. — मी ताई. यांच्या कागदावर जाऊ नकोस, डॉक्टर सांगेल तेच कर. वहिनीला म्हणावं गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दे, नुसती नको.

१६ जानेवारी

दाजींना नमस्कार.

पत्र मिळालं. कागद डॉक्टरला दाखवला. त्याने दोन व्यायाम ठेवले, चार खोडले.

कसं झालं ते सांगायला लाज वाटते. तिजोरी उचलताना नाही, पियानो उचलताना नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तिथेच राहिलो. बायको म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हणालो, "काही नाही." पंधरा मिनिटं तसाच होतो, मग तिला कळलं.

फोटो काढले. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी दबून बाहेर आली आहे, डाव्या बाजूला. डॉक्टर म्हणाला, ही नाडीची करणी नाही, वर्षानुवर्षं एकाच बाजूने भार घेतला आहे. यापुढे ओझं उचलायचं नाही. अजिबात नाही.

आता मुख्य काम. बारा फेब्रुवारीला कंपनीची समिती बसते. दुखणं कामामुळे आलं असं ठरलं तर मला पॅकिंगच्या टेबलावर घेतील. काचसामान कागदात गुंडाळायचं, स्टूल असतं, हवं तेव्हा उभं राहता येतं. कामामुळे नाही असं ठरलं तर घरी. एक्कावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण घेणार?

अडचण अशी की तुम्ही तिकडे शिकवायला गेल्यापासून तीन वर्षं मी तळमजल्यावर ढकलगाडीच ओढतो आहे. जिने मला तेव्हाच जड जायला लागले होते. समिती विचारते, जिना नाही तर पाठ कशी गेली? म्हणून आधीच्या जोडीदाराचं लेखी निवेदन हवं. जोडीदार तुम्हीच. आपण कसं काम करायचो ते लिहा. जसं होतं तसं.

आमच्या गोदामात तुमचा फोटो लागला आहे. कमरेवर हात ठेवून उभे आहात. खाली लिहिलंय, 'तीस वर्षं जिने चढूनही पाठ ताठ. पाळी पाळा.' फोटो चांगला आला आहे.

तुमचा गुडघा कसा आहे?

तुमचा,
खांब

२ फेब्रुवारी

अरे खांबा,

उशीर झाला, रागावू नकोस. इथे वर्गावर वर्ग चालू आहेत, वर कंपनीची मोठी माणसं पाहणीला आली होती. त्यांच्यासमोर मला तीनदा वाकून पेटी उचलून दाखवायला लागली. सर्कशीतल्या हत्तीला तरी केळं मिळतं, मला टाळ्या मिळाल्या.

निवेदन सोबत आहे, सही केली आहे. तुला वाचून दाखवतो म्हणजे तुझं आणि माझं बोलणं सारखं येईल. 'आम्ही दोघांनी तेवीस वर्षं जिन्यावरची अवजड कामं केली. कामाच्या नियमाप्रमाणे आम्ही बाजू आळीपाळीने बदलत होतो. माझा जोडीदार अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक आहे.' बघ, कसं वजनदार झालंय.

तू म्हणशील, हे असं का. तर मी पुष्कळ विचार केला. पाळी पाळली नाही असं लिहिलं तर समिती तुझ्यावरच उलटेल. म्हणेल, नियम मोडलात, आता भोगा. या लोकांना मी रोज बघतो. त्यांना सगळं पुस्तकात बसणारं लागतं. तेव्हा याच्यात तुझंच हित आहे, माझ्यावर विश्वास ठेव. तेवीस वर्षं जिने एवढं म्हटलं की पुरे झालं.

पोस्टरचं काय सांगतोस, मला स्वतःला बघून हसू येतं. फोटोवाल्याने पोट आत घ्यायला लावलं होतं.

कूस बदलत राहा. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
दाजी

ता. क. — ताई. हे पाकीट माझ्याजवळ देऊन बाहेर गेलेत, चिकटवायच्या आधी दोन ओळी लिहिते. तुझं पत्र मी वाचलं. यांच्या गुडघ्याचं विचारतोस, अरे त्या गुडघ्याला काय धाड भरलीय? तो तेव्हाच पंधरा दिवसांत बरा झाला होता. त्यानंतर महिनाभरात गच्चीवरची पाण्याची टाकी यांनीच वर नेली, शेजाऱ्याला घेऊन. तू कशाला त्याची काळजी करत बसलास? स्वतःचं बघ.

१९ फेब्रुवारी

दाजींना नमस्कार.

समिती झाली. डॉक्टर, मॅनेजर आणि युनियनचा एक माणूस. खुर्ची दिली होती, पण मला उभंच बरं वाटत होतं.

तुमचं निवेदन मोठ्याने वाचलं. डॉक्टरने विचारलं, दोघांनी सारखंच ओझं उचललं तर एकाची पाठ गेली आणि एकाची ताठ कशी? मॅनेजरने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथेही तुमचा फोटो आहे. मग त्यांनी विचारलं, घरी काय काय उचलता? बादली, गॅसची टाकी? मी म्हणालो, उचलतो. कोण उचलत नाही? ते त्यांनी लिहून घेतलं.

एकाच बाजूला कसं, असंही विचारलं. मी म्हणालो, मी डाव्या कुशीवर झोपतो. दुसरं काय सांगणार? तुमच्या सहीच्या विरुद्ध कसं बोलू?

निकाल असा की दुखणं घरगुती कारणाने. एकतीस मार्चला नाव कमी होईल. त्याआधी नवीन काही पुढे आलं तर सव्वीस मार्चला परत बसतील. युनियनचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, तुमच्या जोडीदाराने जरा सविस्तर लिहायला हवं होतं. मी म्हणालो, त्यांना कामं फार आहेत.

आता चालता येतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो आणि परत येतो. बायको बरोबर येते आणि मुद्दाम हळू चालते, मला कळू नये म्हणून.

ताईला सांगा, ता. क. वाचलं.

तुमचा,
खांब

२७ फेब्रुवारी

खांबा,

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा फाडलं. आता फाडणार नाही, जसं येईल तसं येऊ दे.

तुझं पत्र आलं तेव्हा ताई समोर होती. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "एवढं काय होतं माझ्या ता. क.त?" मी म्हणालो, काही नाही. मग मी वर्गावर गेलो. बावीस माणसं समोर बसली होती. मी तोंड उघडलं, 'पाळी वरच्याने बदलायची' म्हणालो आणि पुढचं आठवेना. पाणी प्यायलो, तरी आठवेना. तब्येत बरी नाही सांगून वर्ग सोडला.

ते लोखंडी कपाट तुला आठवतंच. चौथा मजला, वळणाचा जिना, मी खाली होतो, तू वर. पट्टा सटकला आणि कपाट दोन पायऱ्या माझ्यावर आलं. गुडघा पायरी आणि कपाट यांच्यामध्ये. तू वरून एकट्याने ते धरून ठेवलंस, तुझ्या तळहाताची सालं निघाली. नाहीतर मी आज हे लिहायला नसतो. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "दाजी, गुडघा बरा होईपर्यंत मी खाली धरतो."

गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला. तुझ्या ताईने खरं तेच लिहिलं. पण जिन्याच्या तळाशी उभं राहिलं की माझे हात थंड पडायचे. वर बघवायचं नाही. म्हटलं, अजून एक आठवडा. मग अजून एक. तू काही बोलत नव्हतास. मी अधूनमधून पायरीवर लंगडायचो. हो, लंगडायचो, मुद्दाम. नंतर त्याचीही गरज उरली नाही, कारण तू विचारतच नव्हतास.

आणि याहून वाईट ते ऐक. भीती वर्षभरात गेली. त्यानंतरची दहा वर्षं भीती नव्हती रे. नुसती सवय होती. वर बरं वाटायचं. घरी आल्यावर मी बाहेर फिरायला जायचो, तू जेवायच्या आधीच झोपायचास. वहिनी म्हणायची, "यांना झोप फार." मी म्हणायचो, "खांबच तो!" ते नावसुद्धा मीच ठेवलं. एकदा एखाद्याला खांब म्हटलं की त्याची पाळी विचारायची गरजच उरत नाही.

आणि आत्ता जे केलं, त्याला तर नावच नाही. तू लिहिलं होतंस, जसं होतं तसं. मी पेन हातात घेतलं आणि मला ते पोस्टर दिसलं. पाळी पाळली नाही असं मी लिहिलं तर मला इथे कोण ठेवणार? तुझ्या हिताच्या गोष्टी केल्या त्या सगळ्या थापा होत्या. माझी ताठ पाठ बघून ते तुझ्या पाठीला खोटं पाडतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. की आलं होतं आणि मी बाजूला सारलं? आता खरंच सांगता येत नाही.

सोबत नवीन निवेदन आहे. सगळं लिहिलंय: अकरा वर्षं तू खाली, मी वर, माझ्या खोटेपणामुळे. हे समितीला दे. माझं काय व्हायचं ते होवो.

ताईला अजून सांगितलेलं नाही. जीभ रेटत नाही.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

दाजी

९ मार्च

दाजींना नमस्कार.

मोठं पत्र लिहायची मला सवय नाही. चूक झाली तर समजून घ्या.

ताईने ता. क. लिहिलं नसतं तरी मला माहीत होतं. कपाट पडल्यावर तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आपण गाडी लावून सामान उतरवत होतो. वाऱ्याने तुमच्या हातातली सामानाची यादी उडाली. तुम्ही गाडीच्या फळीवरून खाली उडी मारलीत आणि रस्ता ओलांडून तिच्या मागे धावलात. चांगले धावलात. मी दोरी गुंडाळत होतो. यादी घेऊन तुम्ही परत आलात आणि गाडीजवळ आल्यावर लंगडायला लागलात.

मला तेव्हा राग आला नाही. मी तुमचा चेहरा त्या जिन्यावर बघितला होता. वरून मलाच दिसत होता. म्हटलं, माणूस घाबरला आहे, राहू दे. तुम्ही ताईचे. तुम्हाला काही झालं असतं तर मी ताईला तोंड कसं दाखवलं असतं?

राग नंतर यायला लागला. तो कधीपासून ते सांगता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाय बधिर व्हायला लागला. तेव्हा वाटलं, आता हे म्हणतील. तुम्ही बोलला नाहीत. पाचव्या वर्षी मी गाडीत बसताना दाराला धरून बसायला लागलो. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, म्हातारा झालास. मी हसलो. तुम्ही विनोद केला की मी हसायचो, ती माझी चूक.

मी का बोललो नाही असं तुम्ही मनात विचाराल. आपला रिवाज तुम्हीच वर्गात सांगता. खालच्याने मागायचं नसतं.

पट्टा आवळायला एवढा वेळ लागत नाही, दाजी. दोन गाठी असतात. मी रोज सकाळी जिन्याच्या तळाशी थांबायचो, वर बघायचो, आणि तुम्हाला वेळ द्यायचो. एकदा जरी म्हणाला असतात, "आज मी खाली येतो," तर मी नाही म्हणालो असतो. शपथेवर सांगतो, मी तुम्हाला खाली येऊ दिलं नसतं. पण तुम्ही म्हणायला हवं होतं. तुम्ही वरून ओरडायचात, मुहूर्त काढतोयस का.

आता या निवेदनाचं. ते मी परत पाठवतो आहे. खोटं आहे म्हणून नाही, सगळं खरं आहे. पण तुम्ही ते लिहून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, तू समितीला दे. म्हणजे तुमचं नाव खराब करणारा कागद मी जाऊन द्यायचा, ताईच्या घरावर मी धोंडा घालायचा, आणि तुम्ही दुसऱ्या गावात बसून काय होतं त्याची वाट बघायची. हेसुद्धा मीच खालून धरायचं का?

सव्वीस तारखेला अकरा वाजता समिती आहे. द्यायचं असेल तर तुम्ही येऊन द्या. नाही आलात तरी मी कोणाला काही सांगणार नाही, ताईलासुद्धा नाही. नाव कमी झालं तर झालं. पण यावेळी खालची बाजू तुमची.

दोन व्यायाम रोज करतो. श्वास रोखत नाही.

खांब

२ एप्रिल

अरे,

तुला आता काय म्हणू तेच कळत नाही. खांब म्हणणार नाही एवढं नक्की.

त्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर तू बाकावर होतास आणि मी आलो, तेव्हा तू सरकून जागा दिलीस. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं हे आता कबूल करतो. आत गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "कागद ठेवून जा, आम्ही वाचू." मी म्हणालो, मीच वाचतो. वाचताना मागे भिंतीवर माझाच फोटो पोट आत घेऊन उभा होता. 'मुद्दाम लंगडलो' इथे अडखळलो. डॉक्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला. मला तो घ्यायची लाज वाटली, पण घेतला.

पॅकिंगच्या टेबलाचं पत्र तुला मिळालं असं वहिनीने ताईला सांगितलं. सहा महिने बघून मग कायम करणार म्हणे. तू काम सोडून उठत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून सांगतो: दर पाऊण तासाने उठ. स्टूल तुझ्या उंचीला कमी पडलं तर मागून घे. माग, खरंच माग.

माझे वर्ग काढून घेतले. पोस्टरही काढलं, चार खिळ्यांची भोकं तेवढी राहिलीत. इथला मॅनेजर म्हणाला, घरी बसवता आलं असतं, पण स्वतःहून सांगितलंत म्हणून गाडीवर घेतो. कंपनीच्या डॉक्टरने तपासलं. दोन मजल्यांपर्यंत, अवजड काही नाही. पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा गाडीवरचा निळा सदरा घातला. पोटावर बसत नाही.

ताईला मी समितीच्या आदल्या दिवशी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकलं. घड्या घालायची थांबली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे हो." त्यानंतर आठवडा झाला, कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे. या पत्राला ता. क. असणार नाही. ती तुला वेगळं लिहिणार आहे.

काल पहिला दिवस होता. माझा जोडीदार अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात बसून गेलेला. माझं सगळं त्याच्या कानावर आलेलं असणार. कामाला निघताना मी म्हणालो, मी खाली. तो बरं म्हणाला. पहिलंच सामान म्हणजे एक लाकडी टेबल, दुसरा मजला. मी जिन्याच्या तळाशी उभा राहिलो, पट्टा आवळला. दोन गाठी. खरंच, श्वास घ्यायच्या आत होतं. मग मी वर बघितलं. जिना खालून किती उंच दिसतो ते मी विसरलो होतो.

दुपारपर्यंत माझी डावी बाजू ठणकायला लागली. एका सकाळीत. तू अकरा वर्षं हे घेऊन घरी जात होतास आणि मी तुला झोपाळू म्हणत होतो. मी पायरीवर बसून राहिलो आणि रडलो, लोक जा-ये करत होते तरी रडलो. माझ्या जोडीदाराने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

डबे खाऊन झाल्यावर मी पुन्हा खाली जाऊन उभा राहिलो. वाटलं, दिवसभर इथेच राहायचं, निदान आजचा दिवस. तर तो वरून उतरून आला, माझ्या खांद्यावरचा पट्टा काढून घेतला आणि म्हणाला, "आता मी खाली धरतो."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं माझ्या लक्षात आलं नाही. म्हणाला, "अहो, तुम्हीच शिकवलंत ना. अर्धा दिवस झाला."

एवढंच होतं रे ते. त्याने पाणी पिता पिता म्हटलं. चार शब्द. अकरा वर्षं तू खाली उभा राहून माझ्या तोंडून तेवढेच ऐकायची वाट बघत होतास.

दाजी